डावीकडचं दार

गाडी विकायची हे त्या घरात दर वर्षी ठरायचं आणि दर वर्षी बारगळायचं. गाडी चालत असली की नवरा म्हणायचा, "चालती गाडी कुणी विकतं का? इंजिन बघ, वाघ आहे वाघ!" आणि बंद पडली की म्हणायचा, "बंद गाडी कोण घेणार? आधी चालू करू, मग विकू." चालू झाली की पुन्हा वाघ. आता अशा माणसाशी वाद घालून आजवर कोण जिंकलंय? बायकोनंही कधीच नाद सोडला असता. पण तिला इंजिनाशी काही देणंघेणं नव्हतं. तिचं दुखणं होतं ते डावीकडच्या पुढच्या दाराचं, कारण तिची जागा तिथं होती.

ते दार आतून उघडत नसे. आतलं हँडल नुसतंच खालीवर व्हायचं, त्याला धरबंध कसलाच नव्हता. बाहेरून मात्र झकास उघडायचं. मग काय, काच खाली करून हात बाहेर काढायचा आणि उघडायचं, असं तुम्ही म्हणाल. पण ती काच एकदा दाराच्या पोटात सटकली होती, तेव्हापासून नवऱ्यानं लाकडाची पाचर मारून ती कायमची वर बसवली होती. मग मागच्या सीटवर बसायचं, असं लेकीनं एकदा फोनवरून सुचवून पाहिलं. ती नोकरीला दुसऱ्या गावी होती, तिथून सुचवायला काय जातंय! "म्हणजे मी काय तुझ्या आईचा ड्रायव्हर?" असं म्हणून बाबा आठवडाभर फुगून बसले. शिवाय मागच्या सीटवर पाण्याचे कॅन, तेलाचे डबे, जॅक आणि जुने पाइप यांनी केव्हाच बिऱ्हाड थाटलं होतं.

तेव्हा रोजचा शिरस्ता असा. नवरा पॅकिंगच्या कारखान्यात सुपरवायझर आणि बायको वाटेवरच्या चष्म्याच्या दुकानात कामाला. दुकानापाशी गाडी थांबली की तो उतरायचा, पुढून वळसा घालून यायचा आणि दार उघडून धरायचा. ती उतरायची. दुकानाची मालकीण काउंटरमागून हे रोज बघायची आणि हळहळायची. "किती जपतात गं तुला! आमच्याकडे बघ, दार उघडणं राहू दे, मी उतरले की नाही हेसुद्धा बघत नाहीत." दुकानात त्याचं नावच पडलं, द्वारपाल. "चला, आले तुझे द्वारपाल," असं संध्याकाळी कुणीतरी म्हणायचं आणि सगळे हसायचे. तीही हसायची. दुरून डोंगर साजरे, दुसरं काय. आपल्याला आतून दार उघडता येत नाही, हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगायला गेलं तर लाज आपलीच जायची. आपलेच दात, आपलेच ओठ.

आणि नवरा काही वाईट माणूस नव्हता हो. व्यसन नाही, आरडाओरडा नाही, पगार घरात. फक्त तो उतरताना "आलोच" म्हणायचा, आणि त्याचं ते "आलोच" फार लांबायचं. पेट्रोल पंपावर कुणी ओळखीचा भेटला की हा बोनेटला टेकून गप्पा मारत उभा आणि ही आत. ऊन चढतंय, काच बंद, पलीकडच्या खिडकीतून येईल तेवढाच वारा. एकदा तिचा जीव अगदी कावला आणि ती गिअरवरून पलीकडे जायला निघाली. गुडघा अडकला, ओढणी हँडब्रेकला गुंडाळली आणि कोपर बसलं हॉर्नवर. हॉर्न असा कोकलला की अख्खा पंप वळून बघायला लागला. नवरा धावत आला, पोट धरधरून हसला. पुढे हा किस्सा त्यानं नात्यातल्या प्रत्येक कार्यात रंगवून सांगितला, आणि त्यात तिचा तो अर्धा इकडे अर्धा तिकडे अवतारही करून दाखवला. त्यानंतर ती पुन्हा गिअर ओलांडायच्या भानगडीत पडली नाही.

पण एक दिवस तिच्या मनातून जात नव्हता. लेकीच्या बदलीवरून गाडीतच दोघांचं वाजलं होतं. घर आलं, त्यानं गाडी लावली, किल्ली काढली, उतरला आणि सरळ जिना चढून वर गेला. ती वाट बघत राहिली. आत्ता येईल, मग येईल. समोरच्या गॅलरीत शेजारीण कपडे वाळत घालत होती आणि खाली बघत होती. ही गाडीत एकटी का बसलीय, असं तिला वाटू नये म्हणून बाईनं फोन कानाला लावला. पलीकडे कुणी नव्हतं. तरी ती "हो का? बरं बरं, मग?" असं बोलत राहिली, मान हलवत राहिली, एकदा तर खोटं हसलीसुद्धा. शेजारणीचे सगळे कपडे वाळत घालून झाले तेव्हा तो खाली आला. "अगं, विसरलोच की मी!" म्हणाला. चेहराही अगदी विसरलेल्या माणसाचा. तो खरंच विसरला होता की नाही, हे तिला आजवर कळलेलं नव्हतं. विचारायचं धाडसही झालं नव्हतं, कारण नाही म्हणाला असता तर पुढं काय करायचं?

असं तोंड दाबून बुक्क्यांचा मार चालला होता सहा वर्षं. एक पाइप फुटला म्हणून तो थांबला.

पुलाच्या चढावर गाडी होती. मागे वाहनांची रांग. अचानक बोनेटमधून फुस्स झालं आणि पांढरा धूर उसळला. बघता बघता पायापाशी गरम वाफ यायला लागली, जळक्या रबराचा वास नाकात भरला. नवऱ्यानं हँडब्रेक ओढला आणि टुणकन उडी मारून पुढं धावला. ती हँडल खेचत होती, खेचत होती. ते आपलं खालीवर, खालीवर. "अहो! दार! आधी दार उघडा!" ती काचेवर थापा मारायला लागली. त्यानं समोरून हात केला. "थांब गं, आधी बोनेट उघडतो!" बोनेट वर गेलं आणि तिला समोरचं दिसायचंच बंद झालं. समोर पत्रा, बाजूला काच, आत वाफ. गिअर ओलांडून पलीकडच्या दारानं निघावं, हे त्या घाबरगुंडीत सुचलंच नाही. आपण इथंच मरणार, असं तिला अगदी स्पष्ट वाटलं. शेवटी मागच्या टेम्पोतला माणूस उतरून आला, त्यानं दार उघडलं आणि ती रस्त्यावर जवळजवळ पडलीच. "काही नाही, पाइप गेलाय फक्त," नवरा तिकडून खुशीत ओरडला. "इंजिन सलामत आहे!"

घरी आल्यावर ती पाणीसुद्धा न पिता म्हणाली, "एक तर ही गाडी जाईल, नाहीतर मी."

"अगं, पाइप..."

"गाडी किंवा मी."

तिचा आवाज असा कधी ऐकलेला नव्हता त्यानं. त्याच आठवड्यात जाहिरात दिली, नवी गाडी नोंदवली, आणि एक गिऱ्हाईकही लागलं. नवंनवं लग्न झालेलं जोडपं होतं, रविवारी सकाळी गाडी बघायला येणार होतं. बायकोला वाटलं, सुटलो बाबा एकदाचे. दुकानात काचा घासताना ती चक्क गुणगुणत होती. मालकीण म्हणालीसुद्धा, "आज स्वारी खुशीत दिसतेय!"

शनिवारी संध्याकाळी नवरा अवजारांची पेटी घेऊन खाली उतरला. "चल गं जरा, बॅटरी धर." ती गेली. त्यानं डावीकडचं दार उघडलं, चार स्क्रू काढले आणि आतलं पॅनल अलगद सोडवलं. आत एक बारीक सळी लोंबत होती. तिचं टोक हँडलला अडकवणारी प्लॅस्टिकची क्लिप तुटली होती, बस. त्यानं खिशातून नवी क्लिप काढली, सळी अडकवली, चिमट्यानं दाबली. जाता जाता पाचर काढून काचही खोबणीत बसवली. मग म्हणाला, "बस आत. बघ उघडून."

ती बसली. त्यानं बाहेरून दार लावलं. तिनं हँडल ओढलं आणि दार उघडलं. त्याचा आवाजसुद्धा किती साधा होता, कट्! तिनं पुन्हा लावलं, पुन्हा उघडलं.

"एवढंच होतं?" तिनं विचारलं.

"एवढंच. गिऱ्हाइकासमोर बरं दिसत नाही ना, दार आतून उघडत नाही म्हटल्यावर. भाव पाडतात लोक."

"मग इतकी वर्षं?"

तो स्क्रू पिळत होता. त्यानं वर बघितलं. त्याच्या डोळ्यांत ना कपट, ना ओशाळलेपण. त्याला प्रश्नच कळला नव्हता. "इतकी वर्षं तुझं कुठं काय अडलं होतं?" तो म्हणाला. "मी होतोच ना उघडायला."

तिच्या हातातली बॅटरी हलली तसा तो म्हणाला, "नीट धर गं, दिसत नाहीये." तिनं नीट धरली. अंगाची नुसती आग होत होती. तिला त्याचा राग आला होता हे खरं, पण त्याहून जास्त स्वतःचा आला होता. अगं बाई, तू काम काय करतेस? दिवसभर मुगाच्या दाण्याहून बारीक स्क्रू चिमट्यात धरून लोकांचे चष्मे जोडतेस! पर्समध्ये स्क्रूड्रायव्हर घेऊन फिरतेस! आणि त्या दारासमोर सहा वर्षं हात मांडीवर ठेवून बसून राहिलीस, आता येईल, आता उघडेल म्हणून? एकदाही उघडून बघावंसं वाटलं नाही? काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. गाडी त्याची, दार त्याचं, उघडणारही तोच, हे तिनंही धरूनच चालवलं होतं. उद्या गाडी जाणार म्हणून आपण गुणगुणत होतो, हे आठवून तिला रडूच फुटलं. गाडी जाऊन काय होणार होतं? "डोळ्यांत काही गेलं का?" त्यानं विचारलं. ती हो म्हणाली.

रविवारी ते जोडपं आलं. मुलगी डावीकडे बसली आणि चक्कर मारून आल्यावर दार उघडून स्वतःची स्वतः उतरली. मग बाईजवळ येऊन हळूच म्हणाली, "काकू, तुम्ही इतकी वर्षं बसलात हिच्यात. खरं सांगा हं, गाडीत काही दोष?"

नवऱ्याचा श्वास अडकलेला तिला दिसला.

"पाइप फुटला होता, तो नवा घातलाय," ती म्हणाली. "बाकी गाडीत काही दोष नाही."

गाडी गेली. नवरा दिवसभर खुशीत होता. "हिनंच सौदा पटवला," असं त्यानं लेकीला फोनवर सांगितलं, आणि लेक म्हणाली, "बरं झालं बाई, सुटली आई!"

नवी गाडी यायला महिना होता. तोवर बस. सोमवारी ती नेहमीपेक्षा लवकरच आवरून बसली होती. एकटीनं जावं, एकटीनं चढावं, आपला स्टॉप आला की उतरावं, एवढंसंच मनात होतं. पण कारखाना त्याच रस्त्याला पुढं. "चल, मी आहे ना सोबत," तो म्हणाला, तिची पिशवी त्यानंच घेतली, तिकिटं त्यानंच काढली. गर्दीत जागा शोधली तीही त्यानंच. "तू खिडकीत बस, वारा लागेल." ती आत सरकली आणि तो बाहेरच्या बाजूला ऐसपैस बसला, पिशवी मांडीवर घेऊन, दोन्ही गुडघे समोरच्या सीटला टेकवून. जायला म्हणून फट उरली नाही. ती खिडकीला चिकटून बसली आणि तिच्या छातीत पुलावर झालं होतं तसंच व्हायला लागलं.

दुकानाच्या आधीचं वळण आलं. "उठा," ती म्हणाली.

"अगं, अजून बस थांबली कुठंय? थांबली की मी उठतो, मग तू नीघ."

"उठा."

"पडशील ना! मी आहे ना..."

"तुम्ही आहात म्हणूनच म्हणतेय, उठा!" तिचा आवाज एवढा चढला की अख्खी बस वळली. कंडक्टर तिकीट फाडता फाडता थांबला. नवऱ्यानं आजूबाजूला बघितलं. हा किस्सा कार्यात रंगवून सांगता येण्यासारखा नव्हता. तो धडपडत उठला, पिशवी छातीशी धरून बाजूला झाला. तिनं पिशवी त्याच्या हातातून घेतली, हलत्या बसमध्ये दांडा धरून दारापर्यंत गेली आणि बस थांबताच उतरली.

बस पुढं निघाली. खिडकीत आता तो बसला होता, काच सरकवायला बघत होता. "काय झालं काय पण तुला?" असं त्याचे ओठ विचारत होते. ती उभी राहून बघत राहिली. सांगायला बस दिसेनाशी होईपर्यंतचा वेळ पुरला नसता. आणि संध्याकाळी घरी गेल्यावर हे सगळं पहिल्यापासून सांगावं लागणार होतं, त्याला कळो वा ना कळो.  ती दुकानाकडे वळली.

काउंटरमागून मालकीण मान उंच करून तिच्या मागं बघत होती. "आज एकटीच? द्वारपाल कुठं गेले?"

"गेले पुढं," ती म्हणाली. तिनं पिशवी ठेवली, दिवा लावला आणि शनिवारी राहिलेली फ्रेम पुढ्यात ओढली.