हलगी शेकायची जागा

"छान प्रयत्न" हे दोन शब्द कानावर पडले की शिवानीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. प्रयत्न म्हणे! भाकरी चांगली झाली तर कुणी प्रयत्न म्हणतं का? गुमान खातात अन् दुसरी मागतात. पण 'कॅसेट कट्टा' ह्या ग्रुपवर कुणाच्याही गाण्यावर बोलायला सुरुवात व्हायची ती ह्याच दोन शब्दांनी, अन् त्यांच्यामागून यायचा तो "पण".

हा कट्टा म्हणजे नांदेड-लातूरकडच्या पोरापोरींचा मोबाइलवरचा ग्रुप. लहानपणी टीव्हीला डबा जोडून, त्यात पिवळी कॅसेट खुपसून जे गेम खेळले, त्यातलं संगीत घ्यायचं अन् आपल्या परीनं नव्यानं वाजवायचं. ह्यालाच ते रिमिक्स म्हणायचे. दर रविवारी एकाचं गाणं ग्रुपवर पडायचं अन् बाकीच्यांनी त्यावर मत द्यायचं. नियम एकच, पण कडक: सगळ्यांचं बोलून होईस्तोवर ज्याचं गाणं त्यानं तोंड उघडायचं नाही.

नियम घातला होता हरिओमनं. नांदेडला त्याचा स्टुडिओ, लग्नाच्या व्हिडिओपासून भक्तिगीतांपर्यंत सगळं तिथं व्हायचं. माणूस वाईट नव्हता, उगाच कशाला खोटं बोला. रात्री-अपरात्री कुणाची फाइल बिघडली तर फुकट नीट करून द्यायचा. "बनवणारा खुलासे करत बसला की ऐकणारा ऐकणं सोडतो," तो म्हणायचा, "गाण्यालाच बोलू द्या." आता ह्यात चूक काढायची तरी कुठं? दिवाळीला कट्ट्याचा अल्बम निघायचा, निवडक गाण्यांचा, ज्याच्या-त्याच्या नावानिशी. दोन दिवाळ्या गेल्या, शिवानीचं नाव त्यात नव्हतं. तिला ते हवं होतं. उदगीरला वडिलांच्या भांड्याच्या दुकानात दिवसभर कुकरच्या शिट्ट्या अन् पातेल्यांची झाकणं जुळवणाऱ्या त्या पोरीला दुसरं काहीच नको होतं, हेच एक हवं होतं.

अन् हवं होतं ते हलगीसकट.

हलगीची गोष्ट अशी की शाळेत लेझीमच्या पथकाला ताल धरणारं कुणी नव्हतं. पोरं घाई करायची. सरांनी वैतागून हलगी वाजवायची काडी, म्हणजे टिपरू, शिवानीच्या हातात दिलं, ते तिनं परत काही दिलं नाही. नातेवाइकांनी नाकं मुरडली. "सिद्रामप्पा, लेकीला पेटी शिकवा, भजनाला तरी कामाला येईल. हलगी कशाला?" आप्पा नुसते हसले. अव्वा, म्हणजे तिची आई दानम्मा, मात्र म्हणाली, "अय्यो, वाजवायचं तर गोदामात जाऊन वाजव, माझं डोकं उठायलंय." पुढं शाळेनं फायबरच्या हलग्या आणल्या. जुनी चामड्याची कोपऱ्यात पडली होती, ती शिवानीनं मागून घेतली.

चामड्याच्या हलगीचं एक आहे. ती शेकावी लागते. जाळावर धरली की चामडं ताणतं अन् आवाज खणखणीत होतो. वाजवता वाजवता ती निवते, आवाज उतरतो, ढिला पडतो. मग थांबायचं. चार काड्या पेटवायच्या, हलगी पुन्हा शेकायची अन् पुन्हा सुरू. मिरवणुकीत सगळे थांबतात तेवढ्यापुरते. कुणाला त्याचं काही वाटत नाही.

शिवानीनं निवडला होता होडीचा गेम. नदीतून होडी न्यायची, वरून दगड पडायचे, अन् खाली एक सूर टुणटुण चालायचा. त्या सुराखाली तिनं हलगी घातली, गोदामात वाजवून, मोबाइलवर घेऊन. गाणं पुढं जातं तशी हलगी निवत जाते. मग सगळंच थांबतं. गेममध्ये पॉजचं बटण दाबल्यावर थांबायचं तसं. त्या शांततेत पुठ्ठा पेटल्याची तडतड ऐकू येते, चामड्यावर बोट टिचकून बघितल्याचा आवाज येतो. अन् मग हलगी अशी कडाडते की होडी नदीतून उडून जाईल. शिवानीनं ते ऐकलं तेव्हा ती गोदामात एकटीच नाचली होती.

रविवारी तिनं गाणं टाकलं अन् नियमाप्रमाणं तोंड मिटून बसली.

"छान प्रयत्न," हरिओमनं लिहिलं, "पण हलगीचा सूर घसरून राहिला. शेवटी शेवटी बेसूर होते. अन् मधी फाइल अडकली का? कायतरी खरखर येते. तेवढं क्लीन कर."

लातूरचा विरूपाक्ष, ज्याच्या कानावरचे हेडफोन फक्त झोपताना निघायचे, त्यानं लिहिलं, "दादाशी सहमत. मधला खड्डा बुजव. ऐकणारा तिथं सोडून जाईल."

खड्डा! शिवानीनं मोबाइल भाताच्या पातेल्यात टाकायचा तेवढा बाकी ठेवला. अरे, हलगी निवली आहे ती! जाळ आहे तो! पण नियम म्हणजे नियम. सगळ्यांचं होईस्तोवर दोन दिवस गेले, अन् तोवर सगळे एकच बोलत होते. वीसजण एक म्हणाले की एकविसाव्याला आपलंच डोकं फिरलंय असं वाटतं. तिलाही वाटलं.

तिनं दुरुस्त केलं. घसरलेला सूर कॉम्प्युटरवर ओढून सरळ केला. तडतड पुसली. थांबलेली जागा कापून टोकाला टोक जोडलं. हरिओमनं लगेच लिहिलं, "आता प्रोफेशनल झालं! अल्बममध्ये घेतो." आप्पांनी दुकानात पेढे वाटले. अव्वा म्हणाली, "हे बरंय बाई, डोकं दुखत न्हाई." शिवानी दिवसभर हसत होती. नाव येणार होतं!

अल्बममध्ये निवड झालेल्याच्या मताला कट्ट्यावर वजन यायचं. पुढच्याच रविवारी गाणं पडलं धर्माबादच्या दीपमालाचं. ही पोरगी कॉलेजात शिकणारी, ग्रुपवर नवीन, कधी फारसं न बोलणारी. तिनं गुहेच्या गेममधला सूर घेतला होता. तो वाजत असताना मागं तिची आई स्वयंपाक करता करता तेलुगूत काहीतरी गुणगुणत होती. भांडी वाजत होती. मधेच फोडणीचा चर्र आवाज यायचा.

शिवानीनं ऐकलं अन् झरझर लिहून टाकलं, "छान प्रयत्न, पण मागचा घरातला आवाज काढ. आई, भांडी, सगळंच. सूर तेवढा क्लीन ठेव."

तासाभरात दीपमालाचं उत्तर आलं. तिनं नियमही मोडला बिचारीनं. "ताई, तुम्ही म्हणलात ते सगळं काढलं. आता चालंल का?"

शिवानीनं नवं गाणं लावलं. सूर होता. एकदम स्वच्छ. ना गुहा, ना आई, ना फोडणी. पहिल्या गाण्यात ती धर्माबादच्या त्या घरात जाऊन बसली होती, ते घरच आता नव्हतं. तिनं इअरफोन ओढून काढले अन् आपणच लिहिलेला निरोप पुन्हा वाचला. छान प्रयत्न. पण.

"अगं बाई," ती मोठ्यानं म्हणाली, "मी पण?"

मग तिनं स्वतःचं निवडलं गेलेलं गाणं लावलं. सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग असं पहिल्यांदाच, खरं म्हणजे. पेढे खाल्ले होते, ऐकलं नव्हतं. ते ऐकून तिला रडू आलं अन् रडण्याच्या पाठोपाठ राग आला, स्वतःचा आधी अन् मग सगळ्या कट्ट्याचा.

"अव्वा," तिनं आतमधी जाऊन विचारलं, "लोखंडी घमेलं कुठंय?"

अल्बमआधीची शेवटची बैठक नांदेडला हरिओमच्या स्टुडिओच्या गच्चीवर होती, रविवारी दुपारी. एकेकाचं गाणं मोठ्या स्पीकरवर लावायचं, शेवटची मतं घ्यायची अन् पक्कं करायचं. शिवानी मुखेडमार्गे येष्टीनं आली. मांडीवर हलगी, पायाशी घमेलं, घमेल्यात दुकानातल्या खोक्यांचा पुठ्ठा अन् काचेच्या भांड्यांभोवतीचा पेंढा. कंडक्टरनं विचारलं, "काय ताई, सैपाक करायलाव का वाटंत?" ती म्हणाली, "करणाराय. तिखट."

गच्चीवर दहा-बारा जण सतरंजीवर बसले होते. विरूपाक्ष होता, हेडफोन गळ्यात. कोपऱ्यात दीपमाला, मुदखेडमार्गे रेल्वेनं आलेली, अंग चोरून बसलेली. शिवानीची पाळी आली तसा हरिओम तिचं क्लीन गाणं लावायला वाकला.

"ते लावू नका दादा."

"शिवानी, नियम माहीत हाय ना? ज्याचं गाणं त्यानं बोलायचं न्हाई."

शिवानीनं मान हलवली. बरोबर होतं त्याचं. तिनं तोंडावर बोट ठेवलं, पुढं आली, आपला मोबाइल स्पीकरला जोडला अन् होडीचा नुसता सूर सुरू केला. मग हलगी काखेत धरली. बोलू नका म्हणालात ना? वाजवू नका असं कुठल्या नियमात लिहिलंय!

गच्ची दणाणली. शेजारच्या गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्या बाया उठून कठड्याशी आल्या. होडी चालली होती, दगड पडत होते, शिवानी वाजवत होती अन् वाजवता वाजवता हलगी निवत चालली. आवाज उतरला, जाड झाला, थपथप येऊ लागला. विरूपाक्षानं हरिओमकडं बघितलं. शिवानीनं मोबाइलवर पॉज दाबला.

सगळं थांबलं.

तिनं घमेलं पुढं ओढलं, पुठ्ठा फाडला, पेंढा लावला, काडी ओढली. वाऱ्यानं विझली. दुसरी ओढली. जाळ धरला. ती हलगी धरून बसली, इकडून तिकडं फिरवत. कुणी खोकलं. कुणी "काय करून राहिली ही?" असं हळूच विचारलं. तडतड सुरू होती. शिवानीनं टिचकी मारून बघितली. न्हाई, अजून न्हाई. पुन्हा धरली. आता सगळे पुढं सरकले होते, शेजारच्या बायासुद्धा. पुन्हा टिचकी. टण्ण!

तिनं सूर चालू केला अन् हलगी कडाडली. एका बाईच्या हातातला पापड खाली पडला. विरूपाक्ष मांडीवर ताल धरून बसला होता अन् त्याला त्याचा पत्ता नव्हता.

संपल्यावर हरिओमनं घाम पुसला. "भारी," तो म्हणाला, अन् मनापासून म्हणाला. "छान, पण..."

टण्ण! शिवानीनं टिपरू हाणलं.

"ऐक तर, हे समोर बघायला—"

टण्ण!

सतरंजीवर हशा उसळला. हरिओमसुद्धा हसला, पण क्षणभरच. मग त्यानं दोन्ही हात वर केले. "बरं बाई. एवढं बोलू दे. इथं डोळ्यानं दिसलं म्हणून कळलं. अल्बममध्ये लोकाला जाळ दिसणार न्हाई, त्यांला फाइल खराब वाटंल. सगळ्या कट्ट्याचं नाव खराब होतंय. क्लीन केलेलंच जाईल, न्हाईतर न्हाई. हे माझं शेवटचं मत."

"झालं सगळ्यांचं?" शिवानीनं विचारलं. "आता बोलू?"

हरिओमनं मान हलवली.

"तर मग न्हाई," ती म्हणाली. "काढा माझं नाव. ते धुऊनपुसून काढलेलं माझं न्हाई, ते तुमचंय, तुमच्या नावानं टाका. दोन वर्षं ह्या नावासाठी जीव टाकला मी, दादा. पण मेलेल्या गाण्यावर नाव कोरून काय करू? अन् लोकाला कळत न्हाई म्हणता, त्या बायाला इचारा की कळलं का!"

"माझं मत राहिलंय," कोपऱ्यातून आवाज आला.

दीपमाला उठून उभी राहिली होती. ओढणीचं टोक मुठीत, पण बघत होती सरळ शिवानीकडं.

"ताई, तुमचं पहिलं गाणं मी लई येळा ऐकलं. त्यातली ती थांबायची जागा खोटी हाय."

शिवानीची कानशिलं तापली. हिनं? हिनं बोलावं?

"म्हंजे?"

"आत्ता इथं हलगी शेकायला किती येळ लागला. काडी विझली, तुम्ही दोनदा बघितलं. आमचा जीव टांगणीला लागला, तवा कुठं ती वाजली. गाण्यात तेवढा येळच न्हाई. तेवढ्यात हलगी शेकत न्हाई, ताई. तुम्ही कापली का हो ती जागा?"

शिवानीचं उत्तर तयार होतं, अगदी जिभेवर, अन् ते खोटं होतं. ग्रुपवर टाकायच्या आदल्या दिवशी तिनं ती जागा निम्म्यावर आणली होती. कुणी सांगितलं नव्हतं. लोक कंटाळतील म्हणून, आपली आपणच.

"हाव," ती म्हणाली. "कापली. भ्याले होते."

"मग आख्खी ठेवा."

"ठेवते."

"अन् मी आईचा आवाज परत घातलाय," दीपमाला म्हणाली. आता तिच्या हातातली ओढणी सुटली होती. "फोडणीसकट. तुम्ही सांगितलं म्हणून काढला होता, ते चुकलं माझं. आता तुम्ही म्हणलात तरी काढणार न्हाई. अल्बममध्ये न्हाई घेतलं तरी चालंल."

हरिओमनं कपाळाला हात लावला. शिवानी मात्र हसायला लागली, डोळे पुसत पुसत.

"काढून तर बघ," ती म्हणाली, "गाठ माझ्याशी हाय." अन् तिनं दीपमालाला जवळ ओढून बसवलं, घमेल्यात उरलेला पुठ्ठा टाकला. "लाव तुझ्या आईला स्पीकरवर. ही हलगी निवली बघ पुन्हा. शेकंस्तोवर थांबा सगळे."

सगळे थांबले.