कम्प्युटरचं पहिलं पुस्तक

"स्ट्रिंग म्हंजे दोरी," मोतीराम गुरुजी म्हणाले आणि शब्दकोशावरचं बोट तसंच ठेवून त्यांनी चष्म्यावरून लेकीकडं पाहिलं. "बारीक दोरी. सुतळीसारखी."

प्रगतीनं पुस्तकाच्या समासात पेन्सिलीनं ते लिहून घेतलं. "अन् कॅरेक्टर?"

"कॅरेक्टर म्हंजे चारित्र्य. हे तर तुले माईत पाह्यजे." गुरुजींनी वाक्य पुन्हा वाचलं. कॅरेक्टरांची रांग म्हणजे स्ट्रिंग, असं काहीसं त्यात होतं. मग त्यांचा चेहरा उजळला. "असं पाह्य. दोरी कशी एका पेडानं वळत नाई, तसं मानसाचं चारित्र्य बी एका गुणानं बनत नाई. तेच म्हणून राह्यला हा लेखक."

"कम्प्युटरात चारित्र्य कायले लागते, बाबा?"

"चालवनाऱ्याले लागते."

प्रगतीनं तेही लिहून घेतलं.

तेलंगणात, तलमडुगुच्या बाजूच्या त्या मराठी बोलणाऱ्या गावात गुरुजींची उभी नोकरी मराठी शाळेत गेली होती. त्यांचे वडील दुसऱ्याच्या कपाशीत राबले. घरात पहिलं पुस्तक आलं ते मोतीरामचं. पुढं गावातल्या कोणाच्याही हाती न समजणारा कागद पडला की तो गुरुजींच्या ओसरीवर यायचा. तेलुगूतलं वीजबिल असो, तहसीलची उर्दू शब्दांनी भरलेली नोटीस असो, नाहीतर औषधाच्या डबीतली बारीक अक्षरांची चिठ्ठी. गुरुजी चष्मा पुसत, एकेक शब्द सोडवत आणि शेवटी माणसाला त्याच्या भाषेत सांगत. छापलेल्या अक्षरापुढं ते कधी हरले नव्हते.

प्रगती दहावीपर्यंत त्यांच्याच शाळेत मराठीत शिकली. इंटर, म्हणजे अकरावी-बारावी, तिनं इंग्रजीतून पाठ करकरून काढलं आणि आदिलाबादच्या कॉलेजात बी.एस्सी.ला कम्प्युटर घेतला. वसतिगृहातून पहिल्यांदा घरी आली तेव्हा तिच्या पिशवीत ते जाडजूड पुस्तक होतं. नव्यानं शिकणाऱ्यांसाठी लिहिलेलं. कसल्याही पूर्वज्ञानाची गरज नाही, असं पहिल्याच पानावर छापलं होतं. गुरुजींना ते वाक्य फार आवडलं. "मंग झालं तर," ते म्हणाले होते. "दर आइतवारी एक धडा करू."

तेव्हापासून दर रविवारी जेवणं आटोपली की दोघं ओसरीवर बसत. लूप म्हणजे फास. ॲरे म्हणजे सैन्याची रचना, किंवा भारी पोशाख. यातलं कुठलं घ्यावं याचा गुरुजींनी बराच खल केला होता. प्रगतीच्या मोबाईलला विचारलं तर त्यानंही स्ट्रिंगला दोरीच म्हटलं. त्या दिवशी गुरुजी दोन घास जास्त जेवले होते.

पहिल्या सत्राचा निकाल लागला. बाकीचे विषय निघाले, कम्प्युटर राहिला.

"पोरगी काई बोलून नाई राह्यली," भागीरथाबाई नवऱ्याला म्हणाल्या. "तुमी मास्तर ना? जाऊन इचारा त्या सरले."

गुरुजी इस्त्रीचा शर्ट घालून आदिलाबादला गेले. प्रगतीला सांगितलं नव्हतं. तिला शिकवणारे राजकुमार सर प्रयोगशाळेत एकटेच बसले होते. निर्मल गावाकडचा तेलुगू माणूस, वयानं तिशीचा. प्रगतीचे वडील शिक्षक आहेत कळल्यावर ते उठून उभे राहिले आणि स्वतः खुर्ची पुढं केली.

"लड़की बहुत मेहनती है, मास्टरजी," सर म्हणाले. "पर शुरू में किसी ने उसको उल्टा पढ़ा दिया. टेस्ट में लिख के आयी, स्ट्रिंग यानी रस्सी, इन्सान का चरित्र. मैं क्लास में पढ़ के सुनाया. पूरी क्लास हँसी. मेरे को नहीं सुनाना था." ते थांबले. "कैरेक्टर यानी अक्षर, मास्टरजी. बस. अक्षर."

गुरुजींनी मान हलवली.

"अक्षरों की लाइन, वो स्ट्रिंग. आपका नाम भी स्ट्रिंग है."

"जी."

"उस दिन से क्लास में मुँह नहीं खोलती. मैं बोला, जो ट्यूशनवाला ऐसा पढ़ाता उसके पास मत जाओ. बोली, सर, जाना पड़ेगा. नाम पूछा तो चुप." सरांनी पुस्तक उघडलं, मिटलं. "मैं भी तेलुगू मीडियम का. मेरे को मराठी आती तो बैठ के समझाता. क्या करूँ? आप ही बोलो उसको."

"बोलूँगा," गुरुजी म्हणाले. तो ट्यूशनवाला आपणच, हे सांगायला त्यांनी एकदा तोंड उघडलं आणि मग चष्मा काढून पुसला. सर त्यांना दारापर्यंत सोडायला आले.

प्रगती फाटकापाशी भेटली. कोणीतरी तिला सांगितलं असावं. ती धावत आली होती.

"तुमी काऊन आले, बाबा? काय म्हणले सर?"

"मेहनती हाय म्हणले."

"अजून?"

"अजून काई नाई. तुले बोलले म्हणून वाईट वाटून राह्यलं त्यायले."

प्रगतीनं त्यांच्या तोंडाकडं नीट पाहिलं. मग ती दुसरीकडं बघू लागली. रस्त्यावरून कापसाची गाडी जात होती. गाडी दूर जाईपर्यंत दोघं तिच्याकडंच पाहत राहिले. गुरुजींना वाटलं, म्हणावं, पोरी, मी चुकीचं सांगून राह्यलो हे तुले माईत होतं ना? मंग काऊन बसत होती माह्यापुढं? पण बस आली आणि ते चढले.

पुढच्या रविवारी प्रगती घरी आली. जेवणं झाली. भागीरथाबाईंनी ओसरीवर सतरंजी टाकली. प्रगती पुस्तक घेऊन बसली, पेन्सिलीला टोक केलं आणि बापाची वाट पाहू लागली.

गुरुजी येऊन बसले. शब्दकोश त्यांनी आणला नव्हता.

"आज डोये चुरचुरून राह्यले," ते म्हणाले. "तूच वाच. मी आयकतो."

"इंग्रजीतच?"

"हो. जसं हाय तसं वाच."

ती वाचू लागली. आधी हळू, मग जरा मोकळ्या आवाजात. गुरुजी भिंतीला टेकून ऐकत होते. वर्गात पोरगं धडा वाचत असताना हलवावी तशी त्यांची मान सवयीनं हलत होती. आत गेलेल्या भागीरथाबाई दारात येऊन थांबल्या. लेकीचं इंग्रजी ऐकून त्यांनी पदर तोंडाला लावला.

पान उलटल्यावर प्रगती एका शब्दावर अडखळली. तो तिनं मनातल्या मनात दोनदा म्हणून पाहिला. वर न बघता त्याच्याखाली पेन्सिलीनं रेघ ओढली आणि ती पुढं वाचू लागली.