थर्मासच्या तळाचं पाणी

मी एक भोपळा बोलतोय. हसलात? हसा. तुमच्याकडे परीक्षेत शून्य मिळालं की भोपळा मिळाला म्हणतात, हे माझ्याही कानावर आलंय. पण आमच्या उरुग्वेत भोपळ्यावाचून कुणाचं पान हलत नाही. मी भाजीचा भोपळा नव्हे. मुठीत मावेन एवढाच, कडक सालीचा, आतून पोकळ. माझ्या पोटात येर्बा नावाचा हिरवा पाला भरतात, थर्मासमधलं गरम पाणी ओततात आणि धातूच्या नळीने ओढून पितात. घरोघरी त्याला नुसतं 'कडू' म्हणतात. कडू घ्यायला बसा म्हटलं की उभा माणूस बसतो.

दुरास्नो गावाबाहेर लिओन्सिओ नावाच्या खोगिरं शिवणाऱ्या माणसाच्या कुंपणावर माझा वेल होता. लिओन्सिओने मला तोडलं, छपराखाली टांगून वाळवलं, माझा शेंडा छाटला, आतला गर खरवडून काढला. मग जुना भिजका पाला भरून रात्रभर ठेवलं आणि सकाळी पुन्हा खरवडलं. भोपळा असाच मुरवावा लागतो. जीव नकोसा झाला होता माझा. पण नंतर त्याने माझ्या तोंडाला जर्मन सिल्व्हरची कड बसवली आणि मी एकदम ऐटीत आलो.

कडू पिण्याची एक रीत असते. ओतणारा एकच. पहिला भोपळा त्याने स्वतः प्यायचा, कारण पहिला नेहमी थंड आणि जहर कडू असतो, तो दुसऱ्याला देणं बरं दिसत नाही. मग गोल बसलेल्यांना एकेक करून, ज्याचा नंबर त्याला. नळी सगळ्यांना एकच. तुम्ही म्हणाल, शी, उष्टं! अहो, इथे उष्ट्याचं कुणी मनातही आणत नाही. ज्याच्याबरोबर एका नळीने पीत नाहीत तो परका, एवढं साधं आहे.

लिओन्सिओची मुलं दोन. थोरली झुल्मा, काटकुळी म्हणून धाकटा भाऊ तिला काडी म्हणायचा. भावाचं नाव दार्दो. या दार्दोला एक खोड होती. हातात भोपळा आला की तो नळी ढवळायचा. नळी ढवळली की पाला तिच्यात जाऊन बसतो आणि मग कितीही ओढा, थेंब येत नाही. लिओन्सिओ ओरडायचा, "अरे, ती नळी आहे, गाडीचा गिअर नव्हे!" दार्दो हो म्हणायचा आणि पुढच्या फेरीला पुन्हा ढवळायचा. मला त्याचा हात आवडायचा, खोटं कशाला बोलू. बाकीचे नुसते प्यायचे, हा माझ्याशी खेळायचा.

पुढे लिओन्सिओ गेला, दार्दो कामासाठी राजधानीत, मोंतेविदेओला गेला, झुल्माचं लग्न होऊन मुलगी झाली. आई झुल्माजवळ राहिली आणि बऱ्याच वर्षांनी तीही गेली. तो दिवस मी विसरणार नाही.

दार्दो रात्रभर बसमध्ये बसून आला होता. दफन आटोपून सगळे अंगणात गोल बसले, झुल्मा ओतत होती. एकेक करत दार्दोचा नंबर आला. त्याने हात पुढे केला. नेमकी त्याच वेळी झुल्माला थर्मास हलका लागला. तळाशी चमचा-दोन चमचे कोमट पाणी उरलेलं, पालाही धुवून धुवून फिका पडलेला. तिच्या मनात काय आलं ते मला तिच्या बोटांतून कळलं. रात्रभर प्रवास करून आलेल्या भावाला हे धुण्याचं पाणी द्यायचं? शेजारी रुबेन काका होते, ते काहीही पितात. तिने तळाचं पाणी मला ओतलं आणि दार्दोच्या हातावरून मला काकांकडे दिलं. मग मला परत घेतलं आणि थर्मास उचलून आत गेली. तोंडाने एक अक्षर नाही.

आत तिने जुना पाला फेकला, ताजा भरला, पाणी तापवलं. उकळू दिलं नाही, उकळलं तर पाला जळतो. पहिला जहर भोपळा तिने स्वतः संपवला आणि दुसरा, वर छान फेस आलेला, भावासाठी घेऊन बाहेर आली. खुर्ची रिकामी होती. दार्दो पिशवी उचलून बसस्टँडवर निघून गेला होता.

झुल्माने मला खिडकीत ठेवलं. "आईच्या अंगावरची माती सुकली नाही अजून, आणि याला घाई," एवढंच म्हणाली. माझ्यावरचा फेस हळूहळू बसला, पाणी गार झालं, कुणी प्यायलं नाही. तिला वाटलं, भावाला दोन तास जड झाले. त्याला वाटलं, बहिणीने दहा माणसांत आपला हात ओलांडला. खरं काय ते मला एकट्याला माहीत, आणि मला तोंड आहे ते फक्त भरायला.

त्यानंतर तिने पीठ ठेवायच्या फडताळात मला मागे सारलं आणि स्वतःसाठी नवा स्टीलचा पेला आणला. स्टीलचा! त्याला ना चव ना वास. मला बुरशीचा दर्प यायला लागला, कडेजवळ तडा गेला. वर्षांवर वर्षं गेली. नाताळला फोन वाजला की झुल्मा धावत जायची, दुसऱ्याच कुणाचा आवाज ऐकून हळू परत यायची. तिनेही कधी फोन केला नाही म्हणा. मानी घराणं.

मग यंदाच्या उन्हाळ्यात तिची मुलगी लिलियान, शाळेत शिकवते ती, घरी आली आणि म्हणाली, "आई, तुझ्या सत्तरीला मी तुला जहाजातून फिरवून आणणार. पार दक्षिणेच्या टोकापर्यंत. मोंतेविदेओच्या बंदरातून सुटतं, तिथेच परत येतं."

झुल्मा म्हणाली, "जायचंच तर चार दिवस आधी जाऊ. शहर बघू."

"तुला शहर आवडत नाही ना?"

"सत्तरीत आवडायला लागलं."

त्याच संध्याकाळी फडताळ उघडलं. झुल्माने मला पुसलं, हुंगलं, तोंड वाकडं केलं आणि पुन्हा पहिल्यापासून मुरवायला घेतलं. चमच्याने खरवडताना बाप घालायचा तीच शीळ ती घालत होती. मी तेव्हाच ओळखलं, ही काही शहर बघायला निघालेली नाही.

मोंतेविदेओत लिलियानने रोजचा बेत आखला होता. नाट्यगृह, जुन्या शहराचा दरवाजा, बाजार, चित्रांचं प्रदर्शन. झुल्मा थर्मास काखेत आणि मला हातात घेऊन सगळीकडे गेली. नाट्यगृहासमोर म्हणाली, "छान आहे, खांब मोठे आहेत." चित्रांसमोर म्हणाली, "रंग बराच लागला असेल." बाजारात शेगडीवरच्या मांसाचा घमघमाट सुटला होता, तिथेही दोन घासांवर तिचं लक्ष नव्हतं. आणि दुपार झाली की म्हणायची, "चल, जरा पाय मोकळे करू." पाय मोकळे व्हायचे ते दरवेळी बार्रिओ सूर नावाच्या वस्तीतल्या एकाच गल्लीच्या कोपऱ्यावर. तिथे ती मला घट्ट धरून उभी राहायची, लांबच्या एका हिरव्या दाराकडे बघायची आणि मागे वळायची.

शेवटच्या दिवशी दुपारी जहाजावर चढायचं होतं. सकाळी पुन्हा तोच कोपरा आला, तेव्हा लिलियानचा संयम संपला.

"आई, रोज आपण इथे येतोय. इथे कुठलं स्मारक आहे ते तरी सांग."

"बेकरी चांगली आहे."

"बेकरीत तू एकदाही गेली नाहीस. ते मामाचं दार आहे ना?"

झुल्माने मला दुसऱ्या हातात घेतलं. लिलियान म्हणाली, "तू वाजवतेस का मी वाजवू?"

"त्याला नको असेल तर? माझ्या तोंडावर दार लावलं तर जहाजावर काय चेहरा घेऊन चढू मी?"

वरच्या सज्ज्यातून कुत्र्याला कडेवर घेतलेली एक बाई हे सगळं ऐकत होती. ती वाकून म्हणाली, "दार्दोकडे ना? या वेळी तो घरी कुठला सापडायला. खाली काठावर गळ टाकून बसला असेल. परवापासून तुम्ही येऊन परत जाताय, मी सांगितलं त्याला. म्हणाला, पर्यटक असतील, वाट चुकले असतील."

खाली नदीकाठचा लांबच लांब रस्ता आहे. नावाला नदी, दिसायला तांबूस समुद्रच. कठड्याशी घडीच्या खुर्चीत एक टकला म्हातारा बसला होता, समोर गळ, शेजारी थर्मास, हातात स्टीलचा. एकटाच पीत होता. झुल्मा त्याच्यापासून जरा लांब कठड्यावर टेकली. लिलियान शहाणी, ती दोन पावलं मागेच थांबली.

त्याने तिच्याकडे एकदा तिरकं पाहिलं. मग तो म्हणाला, "काडी, जाडी झालीस."

"आणि तुझे केस कुठे गेले?"

"उन्हाने नेले. शहर बघायला आलीस म्हणे?"

"जहाज आहे दुपारी."

"हं. मोठी माणसं."

झुल्माने पिशवीतून पाला काढला. पाला भरला, मला जरा तिरकं धरून पाणी ओतलं. पहिला स्वतः प्यायली. दुसरा भरला आणि पुढे केला. दार्दोने माझ्याकडे पाहिलं. बापाची कड त्याने ओळखली, त्याचा चेहराच बदलला. पण हात काही उचलला नाही.

"आज माझा नंबर आला वाटतं," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"आईच्या दफनाच्या दिवशी नव्हता आला. हात पुढे करून बसलो होतो मी, भिकाऱ्यासारखा. सगळे बघत होते. माझ्या हातावरून रुबेन काकाला दिलास. मी समजलो काय समजायचं ते."

झुल्मा त्याच्याकडे बघतच राहिली. "अरे गधड्या," ती म्हणाली, "तळाचं पाणी होतं ते. कोमट. पाला मेलेला. रात्रभर बसमध्ये बसून आलास, तुला ते देऊ? ताजा करायला गेले होते आत. तुझ्यासाठी. पहिला कडूजहर माझ्या घशात घातला, फेस आलेला घेऊन बाहेर आले तर तू गायब. मला वाटलं, आईसाठी तुला दोन तास नाहीत."

दार्दोच्या गळाची काठी वाकली होती, दोरी ताणली होती. त्याने तिकडे पाहिलंही नाही.

"बोलली का नाहीस?"

"पाणी तापवायला जाताना कुणी भाषण करतं का?"

तो तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणाला. मग म्हणाला, "मी चौकापर्यंत जाऊन थांबलो होतो. वाटलं, तू हाक मारशील."

"मी खिडकीत थांबले होते. वाटलं, तू परत येशील."

त्याने हात पुढे केला. किती वर्षांनी, सांगू? ती बोटं आता सांध्यांत सुजलेली होती, पण पकड तीच. मला वाटलं, तडा आहे तिथून मी आज फुटतो. त्याने मला तोंडाशी नेलं आणि, कसली सुधारणा, नळी धरून ढवळली. मग गाल आत ओढून ओढतोय, ओढतोय, थेंब येईना.

"अरे, ती नळी आहे," झुल्मा म्हणाली, अगदी बापाच्या आवाजात, "गाडीचा गिअर नव्हे."

दार्दो हसायला लागला. हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि त्याने ते लपवलं नाही. झुल्माने त्याच्या हातातून मला घेतलं, नळी काढली, फुंकून साफ केली, पुन्हा बसवली आणि पुन्हा त्यालाच दिलं. मग लिलियानला हाक मारली. तिघांच्या फेऱ्या झाल्या, थर्मास संपला. दार्दोने आपल्या थर्मासमधलं पाणी दिलं, तेही संपलं. मासा केव्हाच आमिष घेऊन पळाला होता.

निघायची वेळ झाली. लिलियान मला पिशवीत घालायला आली तर झुल्माने तिचा हात अडवला. "ओला आहे तो. असाच बॅगेत कोंबला तर बुरशी धरेल." मग भावाला म्हणाली, "तूच ठेव. पण रोज पी त्यातून. बिनवापराचा ठेवलास तर पुन्हा तडकेल."

"कुठवर?"

"मी परत येईपर्यंत."

"म्हणजे येणार आहेस तू इथे."

"माझा भोपळा तुझ्याकडे आहे. न येऊन सांगते कुणाला?"

संध्याकाळी जहाज सुटलं. दार्दो कठड्याशी उभा होता. त्याने पाला बदलला, पहिला स्वतः प्यायला, दुसरा भरून मला जहाजाच्या दिशेने धरलं. "काडी, तुझा नंबर," म्हणाला. थोडा वेळ थांबला, आणि फेस बसायच्या आत स्वतःच पिऊन टाकला. त्याने माझ्यावरचा फेस वाया जाऊ दिला नाही, याचं मला फार बरं वाटलं.

सध्या मी बार्रिओ सूरमध्ये, हिरव्या दाराच्या आत राहतो. माझ्या तड्यावर दार्दोने तांब्याची तार बांधली आहे. स्टीलचा फडताळात गेलाय, त्याच्याबद्दल मला काही वाईट वाटत नाही. रोज सकाळी मी काठावर जातो, रोज नळी ढवळली जाते, रोज ती तुंबते. काल दार्दोने आणखी एक घडीची खुर्ची आणली. तिचं प्लास्टिक अजून काढलेलं नाही. बसणारीनेच काढायचं, म्हणतो. शनिवारी जहाज परत येतंय.

मी आपला एक भोपळा. शहाणपण शिकवायची माझी लायकी नाही. पण एक मागणं आहे तुमच्याकडे. तुमच्याही घरी कुणीतरी हात पुढे करून बसलेलं असेल, आणि तुम्ही त्याच्यासाठीच काही चांगलं करायला उठाल. जरूर उठा. फक्त आत जाताना एवढं म्हणून जा, "थांब हं, पाणी तापवून आणते."