उंबऱ्याखालचं मडकं

"हळू मारा, बाई. ते आमचं घर आहे."

माझं बोलणं ऐकून नूरितबाईंनी कुदळ खाली ठेवली. उत्खननाच्या प्रमुख त्या. त्यांना हवं होतं ते खोल होतं : आधी जुनं चर्च, त्याच्याही खाली यहुद्यांचं प्रार्थनाघर. वरचं आमचं कफ्र लूझ गाव म्हणजे नुसती काढून टाकायची माती. यहुद्यांच्या सैन्यानं गाव रिकामं केलं तेव्हा मी आईच्या कडेवर होते. आता तिथल्याच मातीच्या पाट्या मजुरीवर उचलत होते. हे घर माझ्या सासरचं.

उंबऱ्याचा दगड उलटला आणि खाली मडकं निघालं. तोंडावर बशी. आत ओंजळभर हाडं, पाखराची वाटावीत इतकी बारीक. माझा झगा छातीशी ओला झाला. घरी माझी तान्ही होती.

"प्राचीन काळी लोक बाळं घरातच पुरायचे," बाई हलकेच म्हणाल्या. "जुनी हाडं निघाली की कळवावंच लागतं, वदीआ. आमचे काळे कोटवाले धर्मगुरू येतील, यहुद्यांची हाडं समजून त्यांच्या दफनभूमीत नेतील."

"ही नणंद माझी. बाप्तिस्म्याआधी गेली. अशांना पाद्रीबाबा दफनभूमीत घेत नाहीत, म्हणून सासूबाईंनी उंबऱ्याखाली ठेवली. माणसांची ये-जा असते, एकटं वाटत नाही."

"नक्की?"

"या बशीच्या जोडीची घरी आहे."

बाई उठल्या. "मी पाणी पिऊन येते. आले की इथं मला माती दिसू दे फक्त."

संध्याकाळी जेवणाची टोपली सासूबाईंपुढे ठेवली.

"आणलीस पुन्हा खापरं? घराचं संग्रहालय कर एकदाचं!" म्हणत त्यांनी फडकं उचललं. खाली मडकं, त्याच्या तोंडावर ती बशी.

"कुणी काढलं तिला?"

"मीच, आत्याबाई."

रागावल्या नाहीत. नुसत्या बशीवरून बोट फिरवत राहिल्या.

"पाद्रीबाबांना विचारू का?"

"त्या बोकडाला? तेव्हा दार लावून घेतलंन माझ्या तोंडावर." मग म्हणाल्या, "मला नेतील ना गं गावात?"

"काहीतरीच काय बोलता!"

"नेतील. जित्यांना राहू देत नाहीत, पण मेलेल्यांना गावच्या दफनभूमीत नेऊ देतात."

त्यांनी पेटीतून स्वतःच्या मरणासाठी शिवून ठेवलेला झगा काढला. "सुई ओवून दे. दिसत नाही मला."

"पाद्रीबाबांनी पाहिलं तर?"

"मेलेल्या बाईचा झगा कोण चाचपतंय?"

छातीच्या डाव्या बाजूला चार बोटं ठेवून त्यांनी माप घेतलं आणि आतून खिसा शिवायला घेतला. तेवढ्यात माझी पोर रडायला लागली. मान वर न करता त्या म्हणाल्या, "घे तिला आधी. भुकेली असेल."