भिंतीवर न उमटलेली दोन नावं

मित्रांनो, रोह्यातल्या एका दुकानाच्या माळ्यावर गोणपाटाखाली पडलेला मी एक जुना डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आहे. माझ्या डोक्यात बारीक टाचण्या आहेत. त्या शाईच्या फितीवर आपटत आणि कागदावर ठिपक्याठिपक्यांनी अक्षर उभं राही. माझी कर्रकर्र पार रस्त्यापर्यंत ऐकू जाई.

उमेदीची वर्षं मी पेणला एका मूर्तींच्या व्यापाऱ्याची बिलं छापण्यात घालवली. रंगाची धूळ बसून मी अडखळू लागलो, तशी त्याने माझी बोळवण केली. रोह्याच्या दत्तात्रेय सरांनी मला आपल्या कॉम्प्युटर क्लाससाठी घेतलं. तिथे शकू शिकवायची. कासूहून गाडीने येई आणि आल्याआल्या मला फडक्याने पुसून काढी. तेवढ्या मायेने मला पुन्हा कुणी हात लावला नाही.

रविवारी शकू नदीकाठच्या वाडीवर बायकांना लिहावाचायला शिकवत असे. वर्ग पुरा झाला तेव्हा सरांनी क्लासच्या पडवीत समारंभ ठरवला. सगळ्यांची नावं भिंतीवर लावायची आणि प्रत्येकीने पुढे येऊन आपलं नाव स्वतः शोधून वाचायचं.

नावं होती एकेचाळीस. संगणकात ती मुंग्यांच्या रांगेसारखी एकामागे एक उभी होती. तशीच छापली असती तर कागद जमिनीपर्यंत लोंबला असता. म्हणून शकूने तीन रकान्यांचा तक्ता करायचं ठरवलं. तिने एकात एक असे दोन लूप, म्हणजे तेच काम पुन्हापुन्हा करायला लावणाऱ्या सूचना, लिहिले. बाहेरचा एकेक ओळ खाली उतरे, आतला त्या ओळीत तिन्ही रकान्यांतून फिरे आणि रांगेतलं योग्य नाव उचलून आणी. ओळी किती, हे काढायला तिने एकेचाळीसला तिनाने भागलं. संगणकाने तेरा धरले आणि बाकी सोडून दिली.

मी छापू लागलो. तीन सरळ रकाने बघून सर म्हणाले, "झकास! नावं मोजलीस ना?"

"कॉम्प्युटर कधी चुकतो का, सर?" शकू हसून म्हणाली. मीही ऐटीत कागद पुढे सरकवला.

समारंभाला बायका धुतलेली लुगडी नेसून आल्या. एकेक जण पुढे येऊन बोट ठेवून वाचत होती, टाळ्या पडत होत्या. मग पारी उठली. ती आणि चिमा वीटभट्टीच्या कामावरून वाडीवर उशिरा परतून सगळ्यांच्या मागून वर्गात आल्या होत्या, म्हणून त्यांची नावं रांगेच्या शेवटी होती. पारीचं बोट पहिल्या रकान्यातून उतरलं, दुसऱ्यातून उतरलं, तिसऱ्यातून उतरलं. परत वर गेलं. टाळ्यांसाठी उचललेले हात तसेच राहिले. कुणीतरी फिसकन हसलं.

"मलाच येत नाय वाचाया," पारी पुटपुटली. तिने बोट पदराखाली लपवलं.

चिमा जागेवरूनच म्हणाली, "चल गो घरी. आपलं काम नाय ह्ये."

शकूला त्या क्षणी चूक कळली. तेरा त्रिक एकोणचाळीस! पण तिच्या तोंडून निघालं काय, तर "बस तू पारी, नंतर बघू." पारी मान खाली घालून मागे वळली. ती पाठमोरी दिसली आणि शकूचे कान तापले. मित्रांनो, शरमेने मलाही माझ्या टाचण्या टोचू लागल्या.

"थांब पारी!" शकू ओरडलीच. "तुझं नाव तिथे नाहीच. चूक माझी आहे. मी मोजलं नाही, वर तुलाच खाली बसवलं."

शकू सगळ्यांदेखत संगणकापाशी आली. बाकी उरली तर एक ओळ वाढवायची आणि नावं संपली की थांबायचं, एवढीच दुरुस्ती होती. मी पुन्हा कर्रकर्र केली. नवा कागद भिंतीवर लागला.

"ये, वाच," शकू म्हणाली.

पारी हलली नाही. "आता वाचलं तं सगळी म्हनतील, बाईनं दावलं म्हनून वाचलं."

शकू भिंतीपासून दूर झाली आणि पाठ करून उभी राहिली.

तशी पारी पुढे आली. तिने आपलं नाव शोधलंच नाही. पहिल्या नावावर बोट ठेवलं आणि मोठ्याने वाचायला लागली. शांती. सरू. बायजा. अडखळली, पुन्हा मागे जाऊन वाचलं, पण एकही नाव गाळलं नाही. तिसऱ्या रकान्याच्या तळाशी येऊन ती म्हणाली, "पारी बुधा." आणि थांबली. खाली अजून एक नाव होतं.

"चिमे, ह्ये तुजं हाय. ये, तूच वाच."

मित्रांनो, माझी फीत केव्हाच वाळली. मला पुसून ठेवा म्हणून मी हट्ट धरत नाही. एवढंच मागतो, की तक्ता कितीही देखणा उतरला तरी तो भिंतीला लावण्याआधी नावं मोजा. बाकी म्हणून जे उरतं, ते कुणाचं तरी नाव असतं.