न वाचता ठेवलेलं

ब्लॉगला वाचक नव्हते तेव्हा शाल्मली 'मी आपली मनासाठी लिहिते' असं सांगायची. वाचक यायला लागले त्या दिवसापासून तिनं मनाचं नाव काढलं नाही.

ती आणि तिचा नवरा अद्वैत पुण्याहून नोकरीसाठी बेंगळुरूला आलेले, सर्जापूर रोडवरच्या एका मोठ्या सोसायटीत राहणारे. इथे राहून मराठी स्वयंपाक कसा करावा हा तिच्या ब्लॉगचा विषय. ज्वारीचं पीठ कुठलं घ्यावं, इथल्या गुळाची पुरणपोळी कशी होते, असलं. लिहायची मात्र छान, यात वाद नाही. वर्षभर लिहून वाचक किती, तर पुण्याची आई आणि हा अद्वैत. त्यातला अद्वैत जुलमाचा.

मग मराठी मंडळाच्या गणपतीत तिला स्मिता भेटली. स्मिता लोकांच्या वेबसाइटवर गर्दी आणून देण्याची नोकरी करते, आणि घरीदारी त्याच आवाजात बोलते. तिनं शाल्मलीला सरळ सांगितलं, "चांगलं लिहिलं की लोक आपोआप येतात, हा भाबडेपणा सोड. बुकमार्किंगच्या साइट वापर. आपण पुस्तकात खूण ठेवतो ना, तशी इथे लिंक ठेवायची, फक्त सगळ्यांना दिसेल अशी. जितकी जास्त माणसं तुझी लिंक ठेवतील तितकी ती वर चढते, आणि वर दिसली की अनोळखी लोक येतात."

"मग मीच ठेवते की माझी," शाल्मली म्हणाली.

"स्वतःचीच ठेवत राहिलीस तर साइट तुला फेरीवाल्यासारखं हाकलून देते. दुसऱ्यानं ठेवायला हवी."

म्हणून स्मितानं 'देवाणघेवाण' नावाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला. बेंगळुरूतल्या मराठी ब्लॉगवाल्या बायका त्यात. प्रत्येकीची आठवड्यातली एक पाळी. जिची पाळी, तिनं सकाळी लिंक टाकायची आणि बाकीच्यांनी ती साइटवर ठेवून खाली एक ओळ लिहायची. हळदीकुंकवासारखंच होतं ते. तुम्ही आमच्याकडे या, आम्ही तुमच्याकडे येतो, वाण कसलं दिलं ते कुणी उलटून बघत नाही. एकदा कुणीतरी भीत भीत विचारलं की वाचायचं कधी? स्मिता म्हणाली, "आधी सेव्ह, मग सवड." सगळ्यांनी हसण्याच्या खुणा टाकल्या, आणि सवड काही कुणाला झाली नाही.

शाल्मलीचे आकडे मात्र चढले. दुबईची कुणीतरी, नागपूरचा कुणीतरी वाचून जाऊ लागला. तिनं आईला फोन करून सांगितलं, ऑफिसात सांगितलं, लिफ्टमध्ये भेटलेल्या बाईलाही सांगितलं.

ग्रुपमध्ये एकटी प्रणिता जरा वेगळी होती. ती निपाणीकडची, बोम्मसंद्राच्या एका कारखान्यात हिशेबाचं काम बघणारी. तिकडच्या बायकांसारखी ती 'मी येतो, मी जातो' असं बोलायची, त्याची पुणेकरणींना गंमत वाटे. तिच्या ओळी लांबलचक असत. शाल्मलीनं भरल्या वांग्यावर लिहिलं तेव्हा बाकीच्यांनी 'भन्नाट', 'एक नंबर' लिहून वाट धरली. प्रणितानं लिहिलं की तुझ्या आजीनं कारळाची चटणी घालायला नंतर का सोडलं ते तू सांगितलंच नाहीस. शाल्मलीला ते वाचून जरा कंटाळाच आला. एवढं कोण लिहितं, असं ती अद्वैतला म्हणाली.

प्रणिताची पाळी बुधवारची. त्या बुधवारी तिनं 'आईचा रंजका' नावाची लिंक टाकली. रंजका म्हणजे ओल्या लाल मिरच्या वाटून, लिंबू पिळून मुरवलेलं तिखट, कर्नाटकाच्या सीमेवरच्या घरांतून बरणी भरून ठेवतात ते. शाल्मली मीटिंगमध्ये होती. कॅमेरा बंद होता, कुणीतरी तक्ते दाखवत होतं. तिनं अंगठ्यानं लिंक ठेवली आणि खाली लिहिलं, 'वा, तोंडाला पाणी सुटलं. या रविवारी नक्की करून बघणार.' हे लिहिताना ती मनाशी म्हणाली की आज आपण चांगली मोठी ओळ लिहिली, प्रणिताला बरं वाटेल.

संध्याकाळी ग्रुपमधल्या सिद्धीचा वेगळा निरोप आला. सिद्धीला कुणीतरी गावाहून ओल्या लाल मिरच्या आणून दिल्या होत्या, म्हणून तिनं कृती बघायला ती लिंक उघडली होती. निरोपात एवढंच होतं, 'अगं, प्रणिताचं वाचलंस का? मी शरमेनं मेले.'

शाल्मलीनं उघडलं. कृती नव्हतीच त्यात.

प्रणिताची आई गेली होती. प्रणिता गावी गेली, दिवसकार्य झालं, निघताना मावशीनं आईनं शेवटचा घातलेला रंजका बरणीसकट तिच्या पिशवीत ठेवला. ती तो इथे घेऊन आली. तिचा नवरा नागराज कानडी, मुलगी घरात कानडी आणि शाळेत इंग्रजी बोलणारी. दोघंही भले, पण मराठी ती फक्त आईशी बोलायची, रोज फोनवर. आता ती ऑफिसातून घरी आली की फोन हातात घेते आणि कुणाला करायचा ते सुचत नाही. शेवटी लिहिलं होतं, 'हे मी तुम्हा लोकांसाठी लिहीत आहे, कारण माझ्या घरात हे वाचू शकणारं माणूस आता नाही.'

आणि साइटवर त्या लिंकखाली ओळींची रांग. 'मस्तच.' 'फोटो हवा होता.' 'रेसिपी सेव्ह केली.' स्मितानं अंगठा दाखवला होता. पण सगळ्यांत ठळक, सगळ्यांत मोठी ओळ शाल्मलीची. तोंडाला पाणी सुटलं. या रविवारी नक्की करून बघणार.

तिचे कान तापले. घरात कुणी नव्हतं, तरी तिनं फोन पालथा ठेवला. मग परत घेतला, ओळ पुसायला गेली आणि थांबली, कारण पुसली तर पुसलेली दिसणार. प्रणितानं आधीच वाचली असेल तर मग काय उरलं? तिनं ओळ बदलली. 'फार मनापासून लिहिलं आहेस, वाचून गलबलून आलं.' साइटनं त्याखाली बारीक अक्षरात 'बदललेले' असं लिहून टाकलं. यंत्राला शरम नसते, ते बदललेलं ते बदललेलं म्हणतं. शाल्मलीला तो शब्द आपल्या कपाळावर लिहिल्यासारखा वाटला.

फोन करावा असं तिच्या फार मनात आलं. पण काय बोलणार? तिनं मजकूर आणखी एकदा वाचला, आपली आधीची ओळ त्याशेजारी किती वाईट दिसली असेल ते पाहिलं, आणि फोन केला नाही. अद्वैतला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "सगळ्यांनीच केलंय ना?" त्या बोलण्यानं तिला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

शनिवारी प्रणिताचाच फोन आला. "घरी आहेस काय? तुझ्या बाजूला काम आहे, स्वल्प वेळ येऊन जातो."

चोराच्या मनात चांदणं. शाल्मलीच्या डोक्यात पाहुणे, डोकेदुखी, चिकपेटच्या बाजारातली खरेदी अशी सगळी कारणं येऊन गेली आणि तोंडातून आलं, "ये ना, ये."

प्रणिता आली. शाल्मलीनं तिला मंडळात एकदा लांबून पाहिलं होतं. अंगानं बारीक, हसतमुख, आज डोळ्यांखाली काळं आलेलं. तिनं इकडचं तिकडचं विचारलं, बाल्कनीतला कढीपत्ता बघितला, आणि पिशवीतून कागदात गुंडाळलेली काचेची बाटली काढली.

"तू करून बघणार म्हणालीस. पण त्या मिरच्या इकडं मिळत नाहीत. म्हणून आईच्या बरणीतला काढून आणला."

शाल्मलीला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. तिनं बाटली घेतली नाही, प्रणितानं ती तिच्या हातात दिली.

"भाकरी आहे?"

"पोळी आहे."

"चालतंय की. वर तेल घाल, नाहीतर सोसणार नाही."

दोघी स्वयंपाकघरात उभ्या राहूनच खायला लागल्या. पहिल्या घासाला शाल्मलीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिला हायसं वाटलं, कारण आता ते कशामुळे आलं हे सांगावं लागणार नव्हतं. रंजका खरंच फार चांगला होता. त्याचं तिला जास्त वाईट वाटलं. गप्प बसावं, खावं, 'मस्त' म्हणावं, बाटली ठेवून घ्यावी, प्रणिता जाईल आणि कुणाला काही कळणार नाही, असं एक मन म्हणत होतं. पण समोरची बाई इतकी शांतपणे जेवत होती की तिला ते जमेना.

"प्रणिता, मी ते वाचलं नव्हतं. न वाचताच ठेवलं, आणि तसलं काहीतरी लिहिलं."

"ठाऊक आहे."

"कसं?" शाल्मलीनं विचारलं.

"ब्लॉगवर किती माणसं आली ते दिसतंय की. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत कोण आलं नाही. ठेवलं सगळ्यांनी, उघडलं कुणीच नाही." प्रणितानं पोळीचा तुकडा मोडला. "मी ऑफिसात दर घडीला बघत होतो."

"मग हे माझ्यासाठी का आणलंस?"

"नागराजला एवढं तिखट सोसत नाही. मुलीला वासच नको. टाकून तर देववत नाही. कुणीतरी खायला पाहिजे होतं."

शाल्मली रडायलाच लागली. रडताना ती म्हणाली, "पण नंतर वाचलं मी. खरंच वाचलं. दोनदा वाचलं."

"होय?" प्रणितानं तिच्याकडे नीट पाहिलं. त्या बघण्यात आशा होती, आणि ती शाल्मलीला स्पष्ट दिसली. "मग माझ्या आईचं नाव काय?"

शाल्मलीनं तोंड उघडलं. बरणी आठवत होती, मावशी आठवत होती, फोनचं आठवत होतं. स्वतःची ओळ तर तिला स्वल्पविरामासकट पाठ होती. दोन्ही वेळेला तिनं ते सगळं वाचलं होतं ते आपण किती उघडे पडलो एवढंच मोजायला. नाव तिथे असणारच. तिनं त्यावरून नजर फिरवलेली असणारच.

तिला नाव आठवलं नाही.

प्रणितानं हातातला घास संपवला. मग म्हणाली, "चंद्राबाई. दुसऱ्याच ओळीत आहे."

तिनं आपली ताटली विसळली. राहू दे गं, असं शाल्मली म्हणाली, तरी विसळून पालथी घातली. बाटली ओट्यावरच राहिली. चपला घालून ती बाहेर आली आणि शाल्मली मागोमाग लिफ्टपाशी जाऊन उभी राहिली. लिफ्ट खालच्या कुठल्या तरी मजल्यावर अडकून होती. काहीतरी बोलायलाच हवं होतं.

"तू माझ्यावर रागावलीस ना?"

"राग कशाचा," प्रणिता म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता, ती आठवून सांगत होती. "आईच्या तेराव्याला पण कोण कोण नुसतं जेवायला आलेलं. त्यांना पण वाढलंच की आम्ही."

लिफ्ट आली, आणि ती आत गेली.