त्याला सांग

जेवणाच्या टेबलावर मिठाची बरणी दादाच्या डाव्या हाताशी होती आणि छोट्या त्याच्या अगदी समोर बसला होता. नुसता हात लांब केला असता तरी बरणी मिळाली असती. पण छोट्या म्हणाला, "ताई, त्याला सांग, मीठ इकडे दे."

ताई म्हणाली, "दादा, छोट्याला जरा मीठ हवंय."

"त्याला सांग, आधी चव तरी घेऊन बघ. जिभेला काय कुलूप लावलंय?"

"दादा म्हणतोय, मीठ बहुतेक बरोबर पडलंय."

बरणी दादाकडून ताईकडे आणि ताईकडून छोट्याकडे गेली. मग तिघं खाली मान घालून जेवली.

असं वर्ष होत आलं होतं. तिघं सख्खी भावंडं, वर घर आणि खाली वडिलांच्या वेळचा छापखाना. छोट्या म्हणजे कुणी पोर नव्हे, तिशी ओलांडलेला, टक्कल पडू लागलेला गृहस्थ. पण शेंडेफळाला घरात बढती मिळत नाही. एका गिऱ्हाइकासमोर दादा त्याला म्हणाला होता, "तुला साधी रेघ सरळ कापता येत नाही," आणि त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद झालं होतं. छापखाना एक, जेवणाचं टेबल एक, टॉवेल वाळत घालायची दोरीसुद्धा एकच. आणि मध्ये ताई.

ताई इंग्रजीच्या शिकवण्या घ्यायची. डायरेक्ट स्पीचचं इनडायरेक्ट करणं हा तिचा हातखंडा. कुणी काहीही बोललेलं असो, अवतरणचिन्हं काढायची, 'मी'चा 'तो' करायचा, 'आज'चा 'त्या दिवशी' करायचा, की वाक्य शांत होऊन बसतं. घरातही ती तेच करायची. दादाच्या तोंडून निघालेला निखारा छोट्यापर्यंत पोचताना कोमट व्हायचा. आपल्यामुळे हे घर एकत्र आहे असं तिला मनातून वाटायचं, आणि ते खोटंही नव्हतं. त्यात आता छोट्याला दुसऱ्या शहरातल्या एका मोठ्या प्रेसने बोलावलं होतं. "पुन्हा एकदा त्याने माझ्या नावाने खापर फोडू दे, त्याच दिवशी बॅग भरतो," असं तो ताईला म्हणाला होता. हे मात्र तिने कुणाला सांगितलं नव्हतं. तेव्हापासून ती दोघांमधून जाताना श्वास रोखून चालायची.

त्या दिवशी सकाळी छोट्या अंघोळीला गेला होता. दादा खालून तरातरा जिना चढून आला. हात ग्रीसने माखलेले, कान लाल.

"त्या शहाण्याला सांग, काल कटिंग मशीनचा ब्रेक आवळायला घेतला आणि नट सैल ठेवून झोपायला गेला. पातं एकदा पडून वर जातं आणि लिव्हर न ओढता परत खाली येतं. आंधळा आहे का तो? मशीनला हात लावायचा नाही म्हणावं. मेकॅनिक फोन उचलत नाहीये, मी जाऊन त्याला घेऊन येतो."

आणि तो गेला. जाताना फ्यूज काढून खिशात टाकला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण रागावलेल्या माणसाला भांडण सुचतं, फ्यूज सुचत नाही.

ताईने ते सगळं ऐकलं आणि तिला ऐकू आलं ते एवढंच, की दादाने पुन्हा खापर फोडलं. त्या मशीनचं तिला एरवीही वावडं होतं. ती सुरू झाली की शिकवणीच्या खोलीची भिंत थरथरायची आणि धडा थांबवावा लागायचा. नट, ब्रेक, पातं ही दादाची रोजचीच रड. तिला भीती होती ती बॅगेची.

छोट्या डोकं पुसत बाहेर आला. ताईने त्याच्यापुढे चहाचा कप ठेवला.

"दादा बाहेर गेलाय. म्हणत होता, आज कटिंग राहू दे."

"राहू दे म्हणजे? औषध कंपनीची लेबलं दुपारी द्यायची आहेत. गिऱ्हाइकाला तोंड कोण दाखवणार, तो?"

"तो आल्यावर बघू म्हणाला."

"असं का म्हणाला?"

इथे ताई क्षणभर अडखळली. "सहज म्हणाला," ती म्हणाली.

छोट्याने चहा संपवला आणि कप विसळून पालथा घातला. चेहऱ्यावर काही नव्हतं, पण त्याला लागलं होतं. आपल्याला सरळ रेघ कापता येत नाही, म्हणून मशीन राहू द्यायची, असाच त्याने अर्थ लावला. आणि त्याची तरी काय चूक? त्याच्यापर्यंत पोचलेल्या वाक्यातून दुसरा अर्थ निघतच नव्हता. तो जिना उतरला.

ताईही खाली शिकवणीच्या खोलीत गेली. कॉलेजच्या सात-आठ मुली वह्या उघडून बसल्या होत्या. फळ्यावर कालचंच वाक्य होतं. वायरमन मदतनिसाला म्हणतो, 'डोन्ट टच द वायर!' याचं इनडायरेक्ट करायचं. ताईने पहिल्या बाकावरच्या मुलीला उठवलं. हिला सगळ्या 'पणवाली' म्हणायच्या, कारण तिचं प्रत्येक वाक्य 'पण'ने सुरू व्हायचं.

पणवालीने तिचं उत्तर वाचलं. 'वायरला हात न लावलेला बरा, असं वायरमन म्हणाला,' असा काहीसा त्याचा अर्थ होत होता.

"अगं, तो वायरमन आहे की पाहुणा?" ताई म्हणाली. मुली हसल्या. "तो जीव तोडून ओरडतोय आणि तू त्याला पानसुपारीला बसवलंस. 'सेड' कसलं घेतेस? 'वॉर्न्ड' घे. त्याने बजावलं."

"पण मॅडम, मी फक्त जरा सभ्य केलं. निरोप तर पोचला ना?"

"कुठे पोचला? तुझं ऐकून तो पोरगा खुशाल वायर धरेल आणि..."

ताईच्या हातातला खडू फळ्यावरच राहिला. भिंतीपलीकडे मोटरने घरघर सुरू केली होती. भिंत थरथरू लागली, तशा मुलींनी सवयीने पेनं खाली ठेवली. आणि दादाचं वाक्य ताईला आठवलं, जसंच्या तसं, त्याच्या आवाजात. पातं एकदा पडून वर जातं आणि लिव्हर न ओढता परत खाली येतं.

"मॅडम, काय झालं?"

ती पळाली. खोलीचं दार, मग बोळ, मग कागदाच्या रिमांची थप्पी. एरवी ती थप्पीला वळसा घालून जायची. आज खांदा आपटला, दोन रिम खाली आले, तिने मागे पाहिलं नाही.

छापखान्याच्या दाराशी ती पोचली तेव्हा छोट्या तिच्याकडे पाठ करून मशीनपुढे उभा होता. त्याने लिव्हर ओढला. गठ्ठा धरून ठेवणारी दाबपट्टी बसली, पातं खटकन पडलं, लेबलांची कड कापून वर गेलं. व्यवस्थित. ताईने दारालगतचं मोटरचं बटण बंद केलं. मोटरचा आवाज बसला, पण मशीनचं जड चाक आपल्याच नादात फिरत राहिलं. छोट्याने हातात लाकडी ठोकळा घेतला आणि गठ्ठा सरळ करायला दोन्ही हात पात्याखाली घातले.

"छोट्या!" ताईने हाक मारली. तिचा आवाजच मुळात हळू. हाक अशी निघाली, की कुणालाही वाटावं, चहा झालाय.

"काय गं? लाइट गेली का?" तो मान न वळवता म्हणाला. हात तिथेच.

आता समजावून सांगायला वेळ नव्हता. ताईने छाती भरून श्वास घेतला, आणि जो आवाज बाहेर पडला तो तिचा नव्हता. तो दादाचा होता, शिवीसकट.

"हात बाहेर काढ, गाढवा! मशीनला हात लावायचा नाही म्हणून सांगितलं ना!"

छोट्याचे हात झटका बसल्यासारखे मागे आले. लहानपणापासून त्या आवाजाला ते असेच मागे येत होते, विचार नंतर. तो एक पाऊल मागे सरकला आणि लिव्हर जागच्या जागी असताना पातं पुन्हा खाली आलं.

लाकडी ठोकळ्याचे दोन तुकडे झाले. एक गठ्ठ्यावर राहिला, दुसरा घरंगळत ताईच्या पायाशी आला. चाक हळूहळू मंदावून थांबलं.

ताईने वाकून तो तुकडा उचलला. दाराशी मुली गोळा झाल्या होत्या आणि पणवालीलाही 'पण' सुचत नव्हता.

"त्याने हे सांगितलं होतं?" छोट्याने विचारलं.

"हो."

"काय सांगितलं होतं?"

ताईने सांगितलं. शहाण्याला सांग, इथपासून मेकॅनिकपर्यंत, नट, ब्रेक, आंधळा, काहीही न गाळता. सांगता सांगता ती रडू लागली, तरी थांबली नाही. ऐकताना छोट्याचा चेहरा पांढरा पडत गेला. नट आवळायचा राहिला होता, हे त्याला आत्ता आठवत होतं.

तेवढ्यात दादा मेकॅनिकला घेऊन दारात आला. मुली बाजूला झाल्या. त्याने मशीन पाहिली, ठोकळ्याचे तुकडे पाहिले, मग छोट्याचे हात शोधले. छोट्याने ते भीतीने काखेत घट्ट दाबून धरले होते, त्यामुळे दादाला ते दिसेनात. त्याच्या ओठांवरचा रंग उडाला.

"ताई," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "त्याला विचार..."

"मी कुणाला काही विचारणार नाही," ताई म्हणाली. "तो समोर उभा आहे."

मेकॅनिकने उगाच पिशवीतले पाने चाळवले. छोट्याने घसा खाकरला. वर्षभर न घेतलेला शब्द तोंडातून निघताना त्याला त्रास झाला.

"दादा, नट मीच सैल ठेवला."

"ठाऊक आहे, गाढवा," दादा म्हणाला. "हात दाखव."

छोट्याने हात पुढे केले. दादाने ते आपल्या ग्रीस लागलेल्या हातात धरले आणि एकेक बोट चिमटीत पकडून मोजत गेला.